बारा वर्षं घरी, रजिस्ट्रेशन संपलेलं. पुन्हा लेबर रूममध्ये जायचंय (गोवा), मदत हवी आहे

डिचोलीची_सून:

नमस्कार मंडळी. माहेर सावंतवाडी, सासर डिचोली, वय ४१. २००६ साली कोल्हापुरातून जीएनएम (नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) झाले. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, नर्स आणि मिडवाइफ दोन्ही. सात वर्षं नोकरी केली, त्यातली पाच लेबर रूममध्येच. आधी सिंधुदुर्गात कंत्राटावर, २०१० ला लग्न झाल्यावर म्हापशात एका खासगी हॉस्पिटलात. २०१३ मध्ये धाकटा झाला, त्याच वर्षी सासूबाईंची एक बाजू गेली, आणि तीन महिन्यांची म्हणून घेतलेली रजा बारा वर्षं चालली. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. धाकटा सातवीत गेला. दुपारी घर इतकं शांत असतं की भांडं पडलं तरी दचकायला होतं.

यंदा जूनमध्ये शेजारच्या मुलीला रात्री दीडला कळा सुरू झाल्या. नवरा बोटीवर, पाऊस मुसळधार. १०८ येईपर्यंत मी तिच्या पोटावर हात ठेवून घड्याळ बघत बसले. दर तीन मिनिटांनी कळ, पंचेचाळीस सेकंद टिकतेय. हाताला सगळं आठवत होतं. हॉस्पिटलात सोबतीण म्हणून तिच्याबरोबर मलाच आत घेतलं (आमच्या वेळी आम्ही सख्ख्या आईलाही दारातून परत पाठवायचो). बाळ आलं. सिस्टरने पुसून ते तसंच आईच्या पोटावर ठेवलं, वर दुपटं घातलं आणि नाळेला दोन बोटं लावून उभी राहिली. कापेचना. माझ्या तोंडून निघालंच, "अगो, चिमटा लाव ना!" ती हसून म्हणाली, "मातशें रावात, काकी. ठोके बंद जातकच कापतां." (जरा थांबा, ठोके थांबल्यावरच कापते.)

त्या 'काकी'ने मी जमिनीवर आले. मी मनात अजून सिस्टरच होते.

त्यानंतर एका खासगी ठिकाणी विचारायला गेले. मेट्रनबाईंनी सर्टिफिकेटवरची तारीख बघितली आणि विचारलं, "आयाचं काम चालेल?" चालणार नाही म्हटलं आणि कदंबा बस पकडून घरी आले. रस्ताभर रडू आवरत होते, ते जाऊ दे.

आता विचारायचं ते असं. रजिस्ट्रेशन नूतनीकरण २०१३ नंतर केलेलंच नाही, ते पुन्हा जिवंत होऊ शकतं का, आणि गोव्यात आणायचं कसं? उजळणीसाठी कुठे उभं राहायला मिळेल? पगार नको, पण हात चालला पाहिजे. आणि ते नवीन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' (बाळंतपणाच्या तज्ज्ञ नर्सचा अभ्यासक्रम) या वयात करण्यात अर्थ आहे का? कुणी एवढ्या खंडानंतर परत आलं असेल तर खरं काय ते सांगा. धीर देणारं नको, खरं हवंय.

पेडण्याची_सिस्टर:

ताई, नोंदणी मरत नाही, झोपते. आधी महाराष्ट्राचीच जागी करा. विलंब शुल्क भरावं लागेल आणि सीएनईचे तास दाखवावे लागतील. सीएनई म्हणजे सतत शिक्षणाच्या कार्यशाळा. तुम्ही सोडलंत तेव्हा त्याचं एवढं नव्हतं, आता नूतनीकरण त्यावरच अडतं. त्याच वेळी एनआरटीएसवर (नर्सच्या नोंदणीचं केंद्रीय पोर्टल) नाव चढवून एनयूआयडी क्रमांक घ्या, देशभर नर्सची ओळख आता तीच. मग महाराष्ट्राकडून एनओसी, आणि ती घेऊन गोवा नर्सिंग कौन्सिलमध्ये नवी नोंदणी. क्रम उलटा केलात तर दोन्हीकडे हेलपाटे. माझ्या मावसबहिणीने आधी गोव्यात अर्ज टाकला होता, तो परत आला.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, मामलेदार कचेरीतून. २०१० चं लग्न म्हणजे तुमची पंधरा पुरी होतायत. कोकणी येणं आवश्यक, मराठी येत असेल तर उत्तम, असं जाहिरातीत लिहिलेलंच असतं. वयाची अट मात्र प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा.

सरळ_बोलतो:

राग मानू नका, पण बाळंतपण म्हणजे दोन जिवांचा खेळ. बारा वर्षांनी कशाला ती जोखीम? ब्युरोतून म्हाताऱ्या माणसांचं घरी बघायचं काम घ्या, पैसेही बरे मिळतात.

डिचोलीची_सून:

राग नाही आला. पण म्हाताऱ्या माणसाचं घरी बघायचं काम मी बारा वर्षं केलंय भाऊ, फुकट.

रात्रपाळी_१४:

वर 'सरळ' म्हणतात त्यात एक गोष्ट खरी आहे. तुम्ही विसरलात त्याची मला भीती नाही. तुम्हाला जे पक्कं आठवतंय त्याची आहे. मी स्वतः सहा वर्षांनी परतले, आणि पहिल्याच आठवड्यात माझा हात आपोआप बाईच्या पोटावर वरून दाबायला गेला. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं. आपण तसंच शिकलो होतो ना, "सिस्टर, जरा दाबा वरून". डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या शिफारशींत ते करू नये असं स्पष्ट आहे.

पहिलटकरीण आली की कात्री, हेही गेलं. सरसकट एपिसिओटॉमी (बाळाच्या वाटेला द्यायचा छेद) नाही, कारण असेल तरच. बाळाला पाय धरून उलटं करणं, रडणाऱ्या बाळाच्या नाकातोंडात उगाच सक्शन घालणं बंद. आधी पुसा, कोरडं करा, ऊब द्या, आणि श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). नाळ निदान एक मिनिट थांबून, म्हणजे बाळाला स्वतःचं रक्त पुरतं मिळतं, लोह साठतं. तुम्ही बघितलंत ते हेच. बाळ झाल्यावर एक मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत, जास्त रक्त जाऊ नये म्हणून. खासगीत आपण त्यासाठी सर्रास मेथर्जिन (हे बीपी वाढवतं) टोचायचो, बीपी न बघता सुद्धा, आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि पार्टोग्राफ, म्हणजे गर्भाशयाचं तोंड तासागणिक किती उघडतंय ते भरायचा तक्ता. आपला ४ सेंटिमीटरला सुरू व्हायचा, तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही की अॅलर्ट लाइन ओलांडली म्हणून धावपळ आणि कळा वाढवायला पिटोसिनचं सलाइन. डब्ल्यूएचओ आता खरी कळ ५ सेंटिमीटरपासून धरते, आणि तासाला एकचा हिशोब सगळ्या बायकांना लागू होत नाही हे मान्य करते. २०२० मध्ये त्यांनी 'लेबर केअर गाइड' काढलं, त्यात अॅलर्ट आणि अॅक्शन या दोन तिरक्या रेघाच नाहीत. उलट बाईने पाणी प्यायलंय का, कशी बसलीय, सोबत कुणी आहे का, हे रकाने आहेत. सगळीकडे तो कागद पोचलाय असं नाही, जुना पार्टोग्राफही भेटेल. दोन्ही भरता आले पाहिजेत. मी दोन्ही घरी कोऱ्या कागदावर आखून, जुन्या केसेस आठवून भरत बसायचे. नवरा म्हणायचा, हिचा शेअर बाजार सुरू झाला.

उजळणीचं म्हणाल तर 'स्किल्ड बर्थ अटेंडंट' ट्रेनिंग नेमकं हेच शिकवतं, स्टाफ नर्स आणि एएनएमसाठी (आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स) २१ दिवसांचं. पण ते सहसा सेवेतल्यांना मिळतं. म्हणून माझा सल्ला, आधी कुठेही कंत्राटी का होईना नोकरीत शिरा, मग ट्रेनिंगसाठी मागे लागा. जागा मात्र बघून घ्या. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) प्रमाणे गोव्यात जवळजवळ ४० टक्के बाळंतपणं सिझेरियनने होतात. छोट्या खासगी ठिकाणी शिरलात तर ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉल्याच लावत बसाल. बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), नाहीतर म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, जिथे नॉर्मल जास्त बघायला मिळेल तिथे प्रयत्न करा.

पेडण्याची_सिस्टर:

एनपीएमचं, म्हणजे त्या नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचं, राहिलं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतून ते आलं. १८ महिन्यांचा पूर्ण वेळ अभ्यास, आधी बाळंतपणं केल्याचा दोन वर्षांचा अनुभव हवा, आणि निवड मुख्यतः सरकारी नर्समधून. पुढे मिडवाइफ चालवतात अशा युनिटमध्ये नेमणूक. चांगलं आहे, पण तुमची ती दुसरी पायरी. आत्ता त्यात गुंतू नका. बाकी आमच्या गावची वैजीण (सुईण) सत्तरीपर्यंत बाळंतपणं करायची, तेव्हा ४१ चं काही सांगू नका.

डिचोलीची_सून:

सगळ्यांचे आभार. काल माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. सर्टिफिकेट, रजिस्ट्रेशन, अनुभवाचे दाखले, सगळं आहे. एका कोपऱ्याला वाळवी लागलीय पण नंबर वाचता येतो. केसबुकही सापडलं, त्यात मी केलेल्या बाळंतपणांवर ट्यूटरची सही आहे. कोऱ्या कागदावर पार्टोग्राफ आखायला घेतलाय. उभी रेघ सेंटिमीटरची की तासांची, एवढ्यावरच पहिल्यांदा अडले.

आता एकच. सगळ्या कागदांवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. एनआरटीएसला विवाह नोंदणीचा दाखला पुरतो, की नाव बदलाचं गॅझेट लागतं? लग्नाची नोंदणी गोव्यातलीच आहे. नुकतंच कुणी केलं असेल तर सांगा, सोमवारी पणजीला जाते आहे.