आपल्या आयुष्यात शेवटचा शब्द कुणाचा? घरचे, महाराज, समाज की आपण

जुळेसोलापूरची
नमस्कार. वय ३०, सोलापुरातच एका गारमेंट युनिटमध्ये अकाउंट्स बघते, शाळेच्या युनिफॉर्मचं काम आहे, सीझनला घरी यायला रात्र होते. पगार माझ्या खात्यात येतो पण एटीएम कार्ड दादाकडं असतं, पैसे मागितले की देतो तो, कधी नाही म्हणलेला नाही, पण मागावे लागतात. आता पुण्यातून चांगली ऑफर आलीय. घरी सांगितलं तर पप्पा म्हणले आधी महाराजांना विचारू, दर गुरुवारी आम्ही सगळे ज्यांच्याकडं जातो ते. त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं की पोरीला पश्चिम दिशा चालत नाही. झालं, विषय संपला. मला कुणी विचारलंच नाही की तुला जायचंय का.
रील्सवर बघते, स्वतःवर प्रेम करा, टॉक्सिक लोकांना ब्लॉक करा. आई टॉक्सिक नाहीये, तिला ब्लॉक करून मी काय करू? भांडण नकोय, घर सोडून पळायचं नाहीये, फक्त माझ्या आयुष्याची मालकी माझ्याकडं पाहिजे. असं राहणं जमतं का? आणि हा स्वार्थ आहे का? खरं खरं सांगा.

सुटा_माणूस
ताई सरळ बोलतो. तुमच्यावर कुणाचीच सत्ता नाही, बापाची नाही, बाबाची नाही, सरकारची पण नाही. आपण मान झुकवतो म्हणून समोरचा मोठा होतो, झुकवणं बंद केलं की त्याच्याकडं काय राहतं? स्वतःवर प्रेम म्हणजे परवानगी मागणं बंद करणं, बाकी सगळं मार्केटिंग. आपलंच सोलापूर घ्या की, मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गावात गोळीबार झाला, लोक असे उठले की ९ ते ११ मे इथं इंग्रजांचं राज्यच नव्हतं. अख्खं शहर बिनसरकारचं चाललं. शहराला जमतं तर एका माणसाला का नाही जमणार? राजीनामा टाका, बॅग भरा आणि निघा, कुणालाही एक्स्प्लेन करत बसू नका.

पार्कचौक_काका
वरच्या भावाचा जोश आवडला पण ते १९३० पूर्ण सांगायला पाहिजे. पोलीस मागं हटल्यावर चौकात रहदारी सांभाळायला काँग्रेसचे स्वयंसेवक उभे राहिले होते. म्हणजे वरचा साहेब गेला तेव्हा गावाने त्याचं काम अंगावर घेतलं, म्हणून ते दिवस आपण अभिमानाने सांगतो. आणि किंमत पण भरली, १२ मेला मार्शल लॉ म्हणजे लष्करी राजवट लागली, गांधी टोपीवरून लोकांना मारहाण झाली, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातनं आपण रोज जातो, म्हणून सांगतोय. त्यामुळं ‘कुणाचंच ऐकू नको’ एवढंच मला अर्धं वाटतं. बाळा, तू निर्णय तुझ्याकडं घेशील तेव्हा भाडं, आजारपण, नोकरी गेली तर पुढं काय, हे पण तुझ्याकडं येणार आणि ते तुला झेपेल, तू हिशोब बघणारी मुलगी आहेस. निघताना सांगून निघ. परवानगी मागू नको, पण सांग. यात फरक आहे आणि वडलांना तो कळतो, कळायला वेळ लागतो पण कळतो.

कुंभारी_मावशी
मी शिकलेली कमी, मुलगा टाइप करून देतोय. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा मारायचा, तोंड दुमडायचं, बोलता बोलता हात चालू. हजार विड्या पूर्ण करून कारखान्यात न्यायच्या, तिथं तपासणारा हातात घेऊन खराब म्हणून बाजूला टाकायचा, त्याचे पैसे नाहीत. आणि जे मिळायचे ते घरी येईपर्यंत बाबांच्या खिशात. आयुष्यभर तिनं घर चालवलं आणि साडी घ्यायला विचारायची. मग सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरं झाली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत, त्यात आईला घर मिळालं, तिच्या नावावर. तेव्हापासनं ती वेगळीच बाई झाली बघ. बाबा दारू पिऊन आले तर दार उघडायचं का नाही ते ती ठरवायला लागली. तिनं काही बाबांना सोडलं नाही, शेवटपर्यंत भाकरी करून घातली, पण दार तिचं होतं.
तर पोरी, कार्ड आधी घे. पुणे बिणे नंतर. स्वार्थ म्हणतीस, तर माझ्या आईनं सगळ्यांना वाढून राहिलं तर खाल्लं, त्यानं तिचं रक्त कमी झालं, आम्हाला काय मिळालं त्यातनं? तिनं आधी जेवली असती तर आम्हाला जास्त वर्षं आई मिळाली असती.

नंदीध्वज_सेवेकरी
महाराजांच्या मुद्द्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी श्रद्धाळू आहे, गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेला, दर संक्रांतीला नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असते, त्यामुळं देवाविरुद्ध बोलतेय असं समजू नका. पण ज्या सिद्धरामेश्वरांचं हे गाव, ते बाराव्या शतकातल्या शरणांपैकी, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या लिंगायत संतांपैकी एक, आणि शरणांनी इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, माणसाच्या तळहातावर दिलं. आपला देव आपल्या हातात, पूजा आपण करायची, मधे कुणी लागत नाही. त्यांच्यातलीच संत कवयित्री अक्कमहादेवी राजाचा महाल सोडून एकटी कर्नाटकातल्या कल्याणला (आताचं बसवकल्याण) गेली, तिथं अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत, अल्लमप्रभूंनी तिला भर सभेत कठीण प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं तिनंच दिली, कुणाला मधे घेतलं नाही. आणि महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला तो पण याच मुद्द्यावर, देव आणि माणसाच्या मधे दलाल नको, म्हणून तर भटजीशिवाय लग्नं लावली त्यांनी.
तुझ्या पप्पांची श्रद्धा तू मोडू नकोस, गुरुवारी जायचं असेल तर जा, नमस्कार कर. पण नोकरी, लग्न, पैसा हे प्रश्न त्या बैठकीत मांडायचेच नाहीत. विचारलंच नाही तर उत्तर येत नाही. घरातल्यांनी तुझ्या वतीने विचारलं तर तिथंच, सगळ्यांसमोर, शांतपणे म्हण, हा माझा प्रश्न आहे आणि मी तो विचारलेला नाही. आवाज चढवायची गरज नाही, एवढं वाक्य पुरतं. मी स्वतः हे म्हणलेय. पाय थरथरत होते पण म्हणले.

कोर्टगल्ली
वकिली करतो, कामाचं तेवढं सांगतो. १८ पूर्ण झालेल्या व्यक्तीने कुठं राहायचं, काय काम करायचं, कुणाशी लग्न करायचं हे तिचं ती ठरवते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, त्याचा आधार घटनेचं कलम २१, आणि आयुष्यातले जवळचे निर्णय स्वतः घेणं त्यात येतं. २०१८ मध्ये केरळच्या हादियाच्या केसमध्ये हायकोर्टाने तिचं लग्न रद्द केलं होतं, सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. सज्ञान मुलीच्या निर्णयावर बापाची काळजी वरचढ ठरत नाही. तुमच्या कष्टाच्या पैशाबद्दल म्हणाल तर हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १४, बाईने स्वतःच्या कसबाने मिळवलेली मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची.
सुटा_माणूस यांना एक सांगतो, सरकारची सत्ता माझ्यावर नाहीच असं म्हणून टॅक्स, लायसन, कोर्टाचं समन्स टाळता येत नाही, मी सार्वभौम आहे असं कागदावर लिहून दिलं तरी नाही. उलट हीच घटना आणि हेच कोर्ट ताईंच्या मागं उभं आहे, ते हातचं सोडून देऊ नका.
बँकेचं: कार्ड आणि पिन दुसऱ्याला द्यायचा नाही हा बँकेचाच नियम आहे. आधार घेऊन शाखेत जा, खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते आधी बघा, आपला जोडून घ्या, मग जुनं कार्ड बंद करून नवीन मागवा.

सुटा_माणूस
टॅक्सचं मान्य आहे, लायसन पण काढलंय मी. माझं म्हणणं मनातल्या सत्तेबद्दल होतं. बाहेरची परवानगी मिळाली तरी आतला माणूस विचारतच राहतो, चालेल का, रागावतील का. ते बंद करायला कोर्ट नाही उपयोगाचं. मावशी, तुमच्या आईची गोष्ट मी घरी बायकोला वाचून दाखवली.

जुळेसोलापूरची
सगळ्यांना मनापासून थँक्यू, मावशींचं वाचून रडू आलं. शाखेत जाऊन आले, नंबर दादाचाच होता, बदलला. त्याला स्वतः सांगितलं, घरखर्चाचे पैसे मीच दर महिन्याला आईकडं देणार म्हणून. तो गप्प बसला, मग म्हणाला मला वाटलं तुला कटकट नको. पप्पा अजून बोलत नाहीयेत. पुण्याला मी हो कळवलंय.
पण आता नवीन सुरू झालंय. समाजातले दोन मोठे लोक घरी येऊन गेले, पोरगी एकटी बाहेर राहिली तर धाकटीच्या लग्नाला आणि पुढं कुठल्याच कार्यक्रमाला समाज येणार नाही म्हणून. धाकटी घाबरलीय, आई पण. हे असं बोलू शकतात का?

कोर्टगल्ली
नाही. महाराष्ट्रात याच्यासाठी वेगळा कायदा आहे, सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. जात पंचायत असो नाहीतर समाजाची कमिटी, एखाद्या घराला लग्नकार्यातनं वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चिथावणी देणाराही सुटत नाही. कोण आलं, कधी आलं, काय शब्द वापरले, समोर कोण होतं, आज रात्रीच लिहून ठेवा. पुन्हा आले तर धाकटीलाही बैठकीत बसवा, तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय. तक्रार पोलिसात करता येते, थेट मॅजिस्ट्रेटकडेही करता येते. आधी पप्पांना हा कायदा शांतपणे वाचून दाखवा, बऱ्याचदा घरच्यांना फक्त एवढंच माहीत नसतं की आपण एकटे नाही.