प्राधान्य व्यापार करारात शुल्क उतरते, मग तोटा येतो कोठून?

जिज्ञासू:
आयात शुल्क उतरले की माल स्वस्त होतो आणि ग्राहकाचा फायदा होतो, इथपर्यंत मला समजते. मग दोन देशांनी केवळ आपसांत शुल्क उतरवले, तर त्यांतल्याच एखाद्या देशाचे नुकसान होऊ शकते असे अर्थशास्त्रज्ञ कशाच्या आधारे म्हणतात? आणि ते नुकसान नेमके कोणाच्या खिशातून जाते?

ताळेबंद:
ते सरकारी तिजोरीतून जाते, म्हणजे अखेरीस करदात्याच्याच खिशातून. अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्ये व्यापारनिर्मिती आणि व्यापारवळण असा जो भेद केला, त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

समजा, एक वस्तू स्वदेशात १५० ला तयार होते, करारातला भागीदार ती १२० ला देतो आणि कराराबाहेरचा तिसरा देश १०० ला. सर्वांवर ३० टक्के शुल्क असेल, तर तिसऱ्या देशाचा माल १३० ला पडतो आणि तोच विकला जातो. त्यातले ३० सरकारला मिळतात. भागीदाराचे शुल्क माफ केले की त्याचा १२० चा माल बाजी मारतो. ग्राहकाचे १० वाचले, पण तिजोरीचे ३० बुडाले. नगामागे २० चा तोटा झाला, कारण खरेदी अधिक कार्यक्षम उत्पादकाकडून कमी कार्यक्षम उत्पादकाकडे वळली. हेच व्यापारवळण.

आता मूळ शुल्क ६० टक्के होते असे धरा. तेव्हा तिसऱ्या देशाचा माल १६० ला पडत असल्यामुळे सगळे स्वदेशी १५० चाच माल घेत होते. करारानंतर भागीदाराचा माल १२० ला येतो आणि बुडायला महसूल मुळात नव्हताच. महाग स्वदेशी मालाची जागा स्वस्त आयात घेते, ही व्यापारनिर्मिती. करार तोच, भागीदारही तोच, तरी परिणाम उलटा. म्हणून ‘करार चांगला की वाईट’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो.

दुसरी_बाजू:
गणित बरोबर आहे, पण ते एका क्षणाचे आहे. किंमत उतरल्यावर खप वाढतो आणि त्या वाढीव खपाचा लाभ वरच्या हिशेबात धरलेला नाही. शिवाय मोठी बाजारपेठ हाती आल्यावर उत्पादनाचा आवाका वाढून नगामागचा खर्च घटतो, आणि उद्या शुल्क पुन्हा चढणार नाही या खात्रीवर गुंतवणूक होते. अर्थात ही खात्री करार टिकण्यावर अवलंबून असते, हेही मान्य करतो.

वळण मात्र खरे घडते, याचे ठळक उदाहरण १९७३ चे आहे. ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) गेला, तेव्हा न्यूझीलंडच्या स्वस्त लोण्याची जागा हळूहळू समुदायातल्या महाग लोण्याने घेतली. न्यूझीलंडला संक्रमणकाळासाठी खास सवलत मागावी लागली. तो सीमाशुल्क संघ होता, म्हणजे बाहेरच्यांसाठी सर्व सदस्यांचे शुल्कही एकच, पण तत्त्व तेच.

उगमपत्र:
आणखी एक मुद्दा राहिला. सवलत कागदावर असते, ती मिळवण्यासाठी माल भागीदार देशातच घडला हे सिद्ध करावे लागते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या जुन्या करारात मोटारीच्या मूल्याचा ६२.५ टक्के भाग त्या तीन देशांतला असणे आवश्यक होते. २०२० मध्ये अमलात आलेल्या नव्या करारात ही अट ७५ टक्क्यांवर गेली. त्या वेळी अमेरिकेचे प्रवासी मोटारींवरील सामान्य शुल्क अवघे २.५ टक्के होते. सुटे भाग महाग जागेहून घेण्याचा आणि कागदपत्रांचा खर्च त्याहून जास्त होत असेल, तर उत्पादक सवलत सोडून सरळ शुल्क भरणेच पसंत करतो.

जिज्ञासू:
आभार. मग एखादा करार समोर आला, तर आधी काय पाहावे?

ताळेबंद:
वगळलेल्या वस्तूंची यादी. गॅट या जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या कराराच्या चोविसाव्या कलमानुसार मुक्त व्यापार करारात ‘जवळजवळ सर्व’ व्यापार यावा लागतो, पण १९७९ च्या सवलतीमुळे विकसनशील देश आपसांत मोजक्याच वस्तूंपुरता करार करू शकतात. वगळले काय जाते? जिथे भागीदार स्वदेशी उद्योगाला भारी पडेल नेमकी तीच वस्तू, कारण तो उद्योग आरडाओरडा करतो. म्हणजे व्यापारनिर्मिती जिथे झाली असती ते दार बंद होते, आणि जिथे केवळ तिसऱ्या देशाचा पुरवठा भागीदाराकडे वळणार, तिथे सवलत बिनविरोध मंजूर होते. त्या तिसऱ्या देशाला वाटाघाटीत खुर्चीच नसते. यादीनंतर बाहेरच्यांसाठीचे शुल्क पाहा: ते जितके कमी, तितके वळण कमी.