मदत हवी आहे: गहू बंद केल्यानंतर पत्नीची पाठ दुखू लागली, कारण काय असावे?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या पत्नीला (वय ३८) सहा-सात वर्षांपासून जुलाब, पोटफुगी आणि अशक्तपणाचा त्रास होता. लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन आठच्या वर कधी गेले नाही. गेल्या भाद्रपदात नागपूरच्या पोटविकारतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करवली, ती बरीच वाढलेली निघाली, आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासल्यावर सीलिॲक आजाराचे (गव्हाने लहान आतड्याला इजा होते तो आजार) निदान पक्के झाले. गहू, जव आणि त्यांचे सर्व पदार्थ आयुष्यभर बंद, हेच यावरचे औषध, असे त्यांनी सांगितले.

घटस्थापनेपासून पथ्य सुरू केले. ज्वारी घरचीच असल्यामुळे भाकरीची अडचण नव्हती. अडचण होती ती गव्हाचे रोडगे, पानगे, सरगुंडे आणि कुरडयांची. बाजारातल्या डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे आम्हाला तेव्हाच कळले. गावच्या चक्कीवर गव्हाच्या मागोमाग ज्वारी टाकली तर गव्हाचे पीठ तिच्यात उतरणारच, म्हणून माळ्यावर पडून असलेले आजीच्या काळचे जाते खाली काढले, त्याच्या दगडांना टाकी लावून घेतली, आणि तेव्हापासून तिच्यापुरते पीठ घरीच दळले जाते.

गुण आला, यात शंका नाही. जुलाब थांबले, वजन ४ किलोने वाढले, हिमोग्लोबिन १०.४ झाले. मात्र दिवाळीनंतर तिची पाठ दुखू लागली. कंबरेपासून उजव्या फऱ्यापर्यंत (खांद्यामागच्या हाडापर्यंत) ठणका असतो, खाली बसून उठताना जीव जातो, आणि पडून राहिले की बरेचसे थांबते. ताप नाही, पायाला मुंग्या नाहीत, लघवीची तक्रार नाही. यंदा ती कापूस वेचायला गेलेली नाही, त्यामुळे वाकण्याचे कामही फारसे झालेले नाही. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मणका ठीक असल्याचे सांगितले आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. त्यांनी तेवढ्यापुरते बरे वाटते.

माझी आई म्हणते की गहू सोडल्यामुळे अंगातली ताकद गेली, आठवड्यातून एखादी पोळी खाऊ द्यावी. शेजारीपाजारीही तेच बोलतात, आणि पत्नीचे मन आता डळमळू लागले आहे. गहू सोडल्याने पाठ दुखू शकते काय? कोणती तपासणी करून घ्यावी?

प्रतिसाद:

दादा, माझ्या मुलाला हाच आजार आहे आणि सहा वर्षांपासून आमचे पथ्य चालू आहे. मी डॉक्टर नाही, पण पोळी देऊ नका हे आधी सांगते. या आजारात थोड्या गव्हानेही आतडे पुन्हा सुजते. गव्हात असे काही नाही की जे ज्वारी, तांदूळ आणि डाळीतून मिळणार नाही. उलट इतकी वर्षे आतड्याने कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषलेच नसेल, तर हाडे आधीपासूनच कमजोर असू शकतात, आणि साध्या एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसत नाही. ड जीवनसत्त्व व कॅल्शियमची रक्ततपासणी आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करावी का, हे नागपूरच्या डॉक्टरांनाच विचारा. ताप आला, रात्री पडूनही दुखू लागले किंवा पाय बधिर वाटला, तर मात्र तारखेची वाट पाहू नका.

आणि एक विचारते, राग मानू नका. ‘पीठ घरीच दळले जाते’ असे तुम्ही लिहिले आहे. ते दळते कोण? रोज किती वेळ? आणि कोणत्या हाताने?

धागाकर्त्याचे उत्तर:

ताई, तुमचा प्रश्न मी पत्नीला वाचून दाखवला तेव्हा ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. दळते तीच. पहाटे पाऊण तास, पाय पसरून जमिनीवर बसून, उजव्या हाताने. वेचणीला गेली नाही म्हणून वाकणे नाही असे मी धरून चाललो होतो. जाते मोजण्यात आलेच नाही. आजपासून जाते मी ओढतो आहे, आणि पहिल्याच दिवशी खांदा भरून आला. फक्त ज्वारी-तांदळासाठी वेगळी घरघंटी घेण्याचे ठरवले आहे. ड जीवनसत्त्वासाठी रक्त उद्या दारव्ह्याला देणार आहोत, आणि नागपूरची तारीख पुढच्या सोमवारची मिळाली आहे. घरघंटीच्या दगडांना विकण्याआधी चाचणीसाठी दळलेल्या गव्हाचे पीठ लागलेले असेल, तर ते कसे काढावे, हे कोणास माहीत असल्यास कृपया लिहावे.