सुनेच्या पणजीची डायरी: आयोवातल्या शेतकरी बाईचं रोजचं आयुष्य कसं असायचं?

कोथरूडची_मावशी:
नमस्कार मंडळी. माझी सून अमेरिकन आहे, आयोवाची. विहीणबाई मध्यंतरी पुण्याला आल्या होत्या, येताना त्यांच्या आजीची म्हणजे सुनेच्या पणजीची डायरी घेऊन आल्या. १९३४ ते १९३८, पाचही वर्षं एकाच वहीत, एका पानावर एकच तारीख आणि प्रत्येक वर्षाला जेमतेम चार ओळी. नातवासाठी दोन्ही घराण्यांचा अल्बम करायचा घाट घातलाय मी. आमच्याकडच्या बायकांबद्दल सांगायला बसले तर कोण कोणाशी किती वर्षं बोलत नव्हतं इथपर्यंत सांगेन, पण या पणजीबाई काय लिहितात तर "कपडे धुतले. वारा. अंडी १२ डझन दिली. साखर, कॉफी." संपलं! पोटचा मुलगा झाला तेव्हाही "पहाटे ४ ला मुलगा. बर्फ." एवढंच. नवरा फक्त नांगरायला जातो नाहीतर डुकरं विकायला. विहीणबाई म्हणतात साधी बाई होती हो, तिच्याबद्दल काय सांगणार. तर या ओळींतून घर कसं उभं करायचं? आणि तिचं माहेरचं आडनाव कोणालाच माहीत नाही, विहीणबाईंचे वडील लवकर गेले त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं, आणि पेपरच्या कात्रणांत सगळीकडे मिसेस आणि पुढे नवऱ्याचं नाव.

एम्स_रिटर्न:
काकू, तुमच्याकडे खजिना आहे, साधी बाई वगैरे काही नाही. मी बरीच वर्षं आयोवातल्याच एम्स गावी होतो, आमच्या घरमालकीणबाई शेतावरच वाढलेल्या, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. "कपडे धुतले" ही ओळ बहुतेक सोमवारी सापडेल बघा. सोमवार धुण्याचा, मंगळवार इस्त्रीचा, हे तिकडे जवळपास ठरलेलं असायचं. १९३५ च्या आसपास अमेरिकेत दहातल्या एका शेतघरात वीज होती, म्हणजे हातपंपानं पाणी उपसायचं, बादल्या आत आणायच्या, चुलीवर तापवायचं, आणि चुलीत जळण काय तर दाणे काढलेली मक्याची कणसं. ज्यांना परवडायचं त्यांच्याकडे मेटॅगचं मशीन, ही कंपनी आयोवातल्याच न्यूटन गावची, त्यांनी वीज नसलेल्या घरांसाठी पेट्रोल इंजिनवालं काढलं होतं, पायानं किक मारून सुरू करायचं आणि धुराची नळी दाराबाहेर सोडायची. कपडे मशीनच्या वरच्या दोन रुळांमधून पिळून काढायचे, त्यात बोटं सापडायची ती वेगळीच. आणि हिवाळ्यात तारेवर चादर घातली की पत्र्यासारखी कडक. म्हणून ती "वारा" लिहिते, हवापाण्याच्या गप्पा नाहीत त्या, कपडे वाळणार की नाही हा प्रश्न आहे.

आता अंडी. मका आणि डुकरांचा पैसा नवऱ्याचा, तो जमिनीच्या कर्जात जायचा, आणि मंदीत मक्याचा भाव इतका पडला होता की आयोवात लोक कोळशाऐवजी मकाच जाळत होते. कोंबड्या आणि साय बाईच्या. शनिवारी गावात अंडी द्यायची आणि त्याच पैशात किराणा आणायचा. म्हणजे त्या काळात घर अंड्यांवर चाललंय! सगळी अंडी आणि समोरचा किराणा महिन्यावारी एका कागदावर उतरवून काढा, कुठला महिना ओढीचा गेला ते आपोआप दिसेल. १९३६ नक्की बघा, त्या वर्षी हिवाळ्यात भयंकर थंडी आणि उन्हाळ्यात विक्रमी उष्मा, कोंबड्या तग धरून होत्या का बघा.

नसती_उठाठेव:
माझं वेगळं मत. आमच्या आजीचं तरी काय वेगळं होतं, पण ते असो. माझी एकच विनंती, अल्बममध्ये तिची "कष्टाळू, सोशिक माऊली" करून टाकू नका, तशा आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. नवऱ्याबद्दल लिहीत नाही म्हणून तुम्ही लगेच काहीतरी अर्थ काढाल. अहो, वही स्वयंपाकघरातच पडलेली असणार, कोणीही उचलून वाचेल, त्यात मनातलं कोण लिहितं? बरं, फोन असला तर तोही आठ-दहा घरांत एकच लाइन, प्रत्येकाची घंटी वेगळी, दुसऱ्याची वाजली तरी लोक हळूच रिसीव्हर उचलून ऐकायचे. सदाशिव पेठेतला वाडा बरा म्हणायचा, निदान ऐकणारा समोर दिसायचा.

वंशावळ_वेडी:
मावशी, माहेरच्या नावाचं मी सांगते. आयोवा असल्यामुळे तुमचं नशीब जोरदार आहे. त्या राज्यानं १९२५ ला स्वतःची वेगळी जनगणना केली होती, त्यात प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं विचारली होती आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. ती तेव्हा सासरी असो की माहेरी, सापडलीच पाहिजे. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. मग १९४० आणि १९५० ची देशाची जनगणना बघा, तिकडे ७२ वर्षांनी नोंदी खुल्या करतात त्यामुळे १९५० ची २०२२ ला आली. त्यात कामाच्या रकान्यात तिच्यासमोर बहुतेक एच असेल, म्हणजे घरकाम. बारा डझन अंडी विकणाऱ्या बाईला!! १८९० ची मात्र शोधत बसू नका, ती १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली.

आणि नवरा जर्मनीहून वगैरे आलेला आणि लग्नाच्या वेळी नागरिक झालेला नव्हता का तेही तपासा. १९०७ ते १९२२ मधलं लग्न असेल तर परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून अमेरिकेत जन्मलेल्या बाईचंही नागरिकत्व जायचं, कायदाच होता तसा.

कोथरूडची_मावशी:
अगं सापडलं!! १९२५ ला ती माहेरीच होती, लग्नाआधी, आणि कामाच्या रकान्यात शिक्षिका. विहीणबाईंना फोन केला तर त्या गप्पच झाल्या, त्यांना हे माहीतच नव्हतं. अंड्यांचा तक्ता लेकाला एक्सेलमध्ये करायला बसवलंय, कुरकुरतोय पण करतोय. आता एकच, दर महिन्यात एका गुरुवारी ती चर्चला जाते आणि पुढे "गोधडीला ९ जणी" असं काहीतरी लिहिते, हे काय?

एम्स_रिटर्न:
लेडीज एड असणार. चर्चच्या बायकांचं मंडळ, जमून गोधड्या शिवायच्या, त्या विकायच्या, जेवणावळी घालायच्या आणि त्या पैशातून चर्चचं कर्ज फेडायचं. गोधडीत कोंबडीखाद्याच्या छापील सुती पोत्यांचे तुकडे असतील, त्याच पोत्यांचे फ्रॉकही शिवायचे, एका फ्रॉकला साधारण ३ पोती, म्हणून एकाच नक्षीची पोती आणायला नवऱ्याला बजावून पाठवायच्या. आणि शिक्षिका म्हणताय ना, तर लग्न झाल्यावर बऱ्याच ठिकाणी बायकांना शाळेची नोकरी सोडावीच लागायची. तिच्या काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, शिक्षण खात्याच्या जुन्या नोंदी कोणाकडे आहेत ते तिथल्या लायब्ररीला ईमेल करून विचारा, सुनेच्या नावानं पाठवा, लवकर उत्तर देतात.