आग्वादच्या दीपगृहात रात्रीचा मुक्काम जमेल का?

सागरवेडा: डिसेंबरात दोघं गोव्यात येतोय. आग्वाद किल्ल्यातल्या जुन्या दीपगृहात एक रात्र राहता येईल का? झोताचे फोटोही काढायचेत.

कांदोळीकर: नाही हो. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, संध्याकाळी दार बंद. शिवाय १८६४चा तो गोल मनोरा विझलेलाच; पेटतो तो जवळचा, १९७६चा. मुक्काम सिकेरी नाहीतर कांदोळीला करा. किल्ल्यात दुपारी चारनंतर शिरा, त्याआधी जांभा नुसता तापलेला असतो.

तिकाटणे: फोटोसाठी ट्रायपॉड हवाच. एका झोतापासून पुढच्या झोतापर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजा आणि एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) नेमकं तेवढं किंवा त्याच्या दुप्पट ठेवा, नाहीतर झोत अर्धवट येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ४००पासून सुरुवात करा. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरतो म्हणून मधल्या हुकाला पिशवी टांगतात, पण ती जमिनीला जेमतेम टेकू द्या. लोंबकळली की उलट तीच हलवते. खाऱ्या हवेने लेन्सवर पांढुरका थर बसतो. तो कोरड्या कापडाने घासलात तर मिठाचे कण ओरखडे पाडतील. आधी ब्लोअर (हवा मारायचा छोटा रबरी पंप), मग किंचित ओलसर कापड.

सागरवेडा: झकास. दीपगृहांच्या काचांना दिवसा आतून पडदे का लावतात?

कांदोळीकर: दीपगृहातलं कड्याकड्यांचं फ्रेनेल भिंग रात्री उजेड बाहेर फेकतं, तसंच दिवसा ऊन आत गोळा करतं. पडदा लावायचा राहिला तर तो उन्हाचा ठिपका दिव्यावर नाहीतर वायरींवर पडून त्या करपतात.