चाचांचे बाराशे रुपये सांगावेत की नाही?

भवानीपेठकर

नमस्कार मंडळी. समोरच्या दारातले चाचा गुरुवारी पहाटे गेले. वय ७९, खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त. बावीस वर्षांचा शेजार. माझ्या मुलीची दहावीची भूमिती त्यांनीच घेतली, एक पैसा न घेता.

मातीला गेलो होतो. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर जनाजा समोर ठेवला, मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. नमाज सुरू व्हायच्या आधी त्यांचा थोरला मुलगा पुढे येऊन म्हणाला, "अब्बा का किसी का देना रहा तो मेरे से लेना, नहीं तो माफ करना." मला एकदम आठवलं. जूनमध्ये चाचांनी माझ्याकडून १२०० रुपये घेतले होते, चाचींच्या औषधांसाठी. पेन्शन आली की देतो म्हणाले, मग मीही विसरलो आणि ते आजारी पडले. मला ते पैसे नको आहेत. पण हे सांगणं बरं दिसेल का? की गप्प राहणंच बरं?

अजून दोन गोष्टी. बायकोने त्याच रात्री पिठलं-भाकरी नेऊन दिली, ती चालते ना? आणि चाची आता इद्दतमध्ये आहेत, बाहेर पडायचं नसतं म्हणे. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेहमी बायकोच घेऊन जाते, पुढची तारीख १४ आहे. न्यायचं की नाही? बिल्डिंगच्या ग्रुपवर मी "आत्म्यास शांती लाभो" लिहिलं, तेही बरोबर होतं का कळेना. इतक्या वर्षांच्या माणसाच्या बाबतीत माझ्याकडून काही चुकू नये, एवढंच वाटतं.

रत्नागिरीची मास्तरीण

पैशांचं सांगा. नक्की सांगा, आणि आजच सांगा.

मी मूळची रत्नागिरीची, आता कोंढव्यात असते. आमच्यात माणूस गेला की कफन-दफनाचा खर्च झाल्यावर पहिलं काम कर्ज फेडायचं. त्यानंतर वसियत, म्हणजे मृत्युपत्र असेल तर ती, तीही जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि मग वारसांचे हिस्से. मुलांच्या, बायकोच्या हिश्शाच्याही आधी तुमचे १२०० येतात. प्रेषितांसमोर एकदा एक जनाजा आणला होता. याच्यावर कर्ज आहे का, असं त्यांनी विचारलं. दोन-तीन दिनार होते. ते म्हणाले, तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा. त्यांचे एक साथीदार अबू कतादा म्हणाले, कर्ज माझ्या अंगावर, तेव्हा कुठे प्रेषित नमाजला उभे राहिले. त्या मुलाने पुढे येऊन जे विचारलं ते म्हणूनच. मेलेल्या माणसाचं ओझं मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी उतरवावं लागतं.

तुम्ही मनातल्या मनात सोडून दिलंत, तर मुलाला कळणारच नाही, आणि त्याच्या जिवाला घोर लागून राहील. त्याला घरी गाठा आणि स्पष्ट शब्दांत म्हणा, "एवढे होते, मी माफ केले." कुराणातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे माहीत आहे? उधारी लिहून ठेवण्यावर. सूरह बकराची २८२वी. माझे वडील मासळीवाल्याचे आठ आणेसुद्धा कॅलेंडरच्या मागे लिहायचे, आणि आम्ही मुलं कंटाळायचो. आता कळतं ते कशाला होतं.

पिठलं-भाकरीचं विचारूच नका. प्रेषितांचे चुलत भाऊ जाफर इब्न अबू तालिब मूतहच्या लढाईत गेले, इसवी सन ६२९ मध्ये, तेव्हा प्रेषितांनीच सांगितलं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असं संकट आलंय की त्यांना काही सुचत नाही. तुमच्या बायकोने न कळत सुन्नत, म्हणजे प्रेषितांची रीत पाळली. आणि सुतक वगैरे आमच्यात नाही. चाचींच्या घरी पाणी प्यायला, चाचींना जवळ घ्यायला काही आडकाठी नाही. जवळ घ्याच.

इद्दत म्हणजे विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, चंद्राच्या महिन्यांप्रमाणे. नटायचं नाही, सुगंध लावायचा नाही, दुसऱ्या लग्नाचं बोलणं करायचं नाही. पण हा तुरुंग नाही. डॉक्टरकडे जायला पूर्ण मुभा आहे. दिवसा न्या, काम झालं की घरी आणा. बँकेत सहीसाठी स्वतः जावं लागलं तर तेही. डोळ्यांची तारीख चुकवू नका. मी माझ्या मावशीच्या वेळी बायकांना उगाच घाबरवताना पाहिलंय, तिची साखर तीनशेवर गेली तरी "इद्दत आहे" म्हणून घरातच बसवली होती. शेवटी मीच रिक्षा आणली.

तुम्ही लिहिलेल्या शब्दांचं कुणी वाईट वाटून घेणार नाही. पण आम्ही मागतो ती मगफिरत, म्हणजे क्षमा. पुनर्जन्म आम्ही मानत नाही. मृत्यूनंतर कयामतपर्यंत माणूस बरजखमध्ये, म्हणजे मधल्या मुक्कामात, आणि मग हिशेब. म्हणून "अल्लाह त्यांची मगफिरत करो" म्हणा. 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' ऐकलं असेलच: आम्ही अल्लाहचे, आणि त्याच्याकडेच परत जाणार. आमची आजी म्हणायची, अमानत होती, मालकाने मागून घेतली.

कॅम्पातला

मॅडमनी सगळं सांगितलंच. एकच भर. चाळिसाव्याचं बोलावणं आलं तर जा, नाही आलं तर का नाही केलं असं विचारू नका. काही घरांत फातिहा देतात, म्हणजे गेलेल्यासाठी कुराण वाचून दुआ मागतात, जेवण घालतात, काही घरांत हे अजिबात मानत नाहीत, आणि यावरून भावाभावांत वाद होतात. शेजाऱ्याने त्यात न पडलेलं बरं.

मातीला गेलात तेव्हा तीन मुठी माती टाकलीत का? त्या वेळी म्हणतात त्याचा अर्थ असा: याच मातीतून तुम्हाला घडवलं, यातच परत पाठवू, आणि यातूनच पुन्हा बाहेर काढू. आणि कबर उत्तर-दक्षिण असते, डोकं उत्तरेला, म्हणजे उजव्या कुशीवर ठेवलं की चेहरा पश्चिमेला, किबल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबेच्या दिशेला.

भवानीपेठकर

टाकली होती. पुढच्या माणसाने हात धरून पुढे नेलं. माती ओली होती, हाताला चिकटून राहिली, अर्थ आज कळला.

मास्तरीणबाई, काल संध्याकाळी गेलो. मुलाला बाजूला घेतलं आणि तुम्ही सांगितलं तसंच बोललो. तो काही न बोलता आत गेला आणि चाचांची लाल डायरी घेऊन आला. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्यांच्या अक्षरात दोनच नोंदी होत्या. "मेडिकल २४०", त्यावर काट मारलेली. खाली "समोर १२००". चार दिवस तो घरातल्यांना विचारत होता, समोर म्हणजे दुकानवाला की मी.

त्याने पैसे पुढे केले. मी माफ केले म्हटलं, तर म्हणाला, "अम्मीसमोर एकदा म्हणा." आतल्या खोलीच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हणालो. पडद्यामागून चाचींचा "बरं बेटा" एवढाच आवाज आला. मग त्याने काट मारली.

१४ तारखेला सकाळी साडेनऊची वेळ आहे. बायकोने रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय.