मदत हवी आहे: दगडात मासा दिसतोय, कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी. सिरोंचा तालुक्यातलं गाव आमचं. नाल्याकाठच्या चुनखडीत बाबांना शंकरपाळ्यांसारखे, चकचकीत खवले दिसले. आजी म्हणते, देवाचा मासा आहे, हात लावू नका! (छिन्नी लावायची माझीही हिंमत नाही, फक्त फोटो काढलेत.) आपल्याकडच्या ‘कोटा’ नावाच्या खडकांच्या थरांत ज्युरासिक काळातले लेपिडोटिस मासे मिळतात आणि त्यांच्या जाड खवल्यांवर दातासारखं चकाकणारं, गॅनॉइन नावाचं आवरण असतं, एवढं वाचलंय. वडधमचं जीवाश्म उद्यान जवळच, पण तिथे बोलबाला झाडांच्या खोडांचा. नागपूरच्या अजब बंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालयात) असे मासे कोणी पाहिलेत का? एसटीने जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून आधी विचारतोय. आणि दगड तिथेच राहू द्यावा ना? पावसात नाला भरून वाहतो जी, त्याचीच धास्ती.